मिस्त्रीचा डावा कान

माझा राग आधी हातात येतो, मग डोक्यात. जीपच्या मागच्या दाराला माझ्या लाथेचा पोचा अजून आहे. बाजूचा आरसा मी दोनदा स्वतःच्या मुठीने फोडला. स्टँडवर नंबरावरून भांडण झालं तर दुसरे जीपवाले शिव्या देतात, मी कॉलर धरतो. यात काही मोठेपणा नाही, हे मला आता कळतं. पण पुढचं सांगायचं तर आधी हे सांगणं भाग आहे.

दारव्ह्याहून खेड्यांवर मी सवाऱ्या नेतो. सोयाबीन निघायच्या सुमारास माझ्या जीपला आवाज लागला. गाडी जागची हलली की खालून ‘टण्’ व्हायचं. चढावर रेस दिली की कट-कट-कट सुरू, आणि रेसवरचा पाय काढला की गप्प. मी ज्याला त्याला विचारलं. एकाने इंजिनाखालचे रबर बदलायला लावले, दुसऱ्याने सायलेन्सरची पट्टी घट्ट करून दिली. तिसरा म्हणाला, नजर लागली. मी लिंबू-मिरचीही बांधली. लिंबू वाळून काळं पडलं, आवाज तसाच राहिला.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. स्टँडच्या मागे टिनाच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. तरुणपणी तोंडाजवळ ट्रकचा टायर फुटला आणि त्याचा उजवा कान कायमचा गेला. उरलेल्या डाव्या कानावर त्याने पंचवीस वर्षं घर चालवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ डाव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि बरोबर दुखणं सांगायचा. त्याच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला उभं राहावं, हे दारव्ह्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्याकडे मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा गाडी रिकामी होती आणि तिन्ही वेळा आवाज आलाच नाही. मिस्त्री शेजारी बसून चढावर जाऊन यायचा आणि मान हलवायचा. मी मोबाईलवर भरून घेतलेला आवाज त्याला ऐकवला. तो म्हणाला, यात नुसता पत्रा वाजतो आहे.

“रिकामी गाडी मले काही सांगत नाही,” तो म्हणाला. “वजन पडलं की स्प्रिंगचे पाटे दबतात, तवा दुखते तिले. सवाऱ्या भरून आन.”

मला वाटलं, त्याला काही सापडत नाही म्हणून टोलवतो आहे. आणि आमच्या धंद्यात सवाऱ्या बसलेल्या असताना गॅरेजकडे कोणी वळत नाही. एकदा वळलं की बोभाटा होतो, अमक्याची गाडी खटारा झाली म्हणून, आणि मग आठ दिवस तिच्यात कोणी पाय ठेवत नाही. म्हणून आम्ही सगळे शेवटची फेरी टाकून, गाडी रिकामी करूनच मिस्त्रीकडे जातो. चौथ्यांदाही मी तसाच गेलो असतो.

पण बाजाराचा दिवस आला. गाडी ठासून भरली होती. टपावर पोती, माझ्याशेजारी तिघं, मागे माणसावर माणूस. मधल्या सीटवर तांड्यावरची म्हातारी होती. तिला आम्ही सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतो. तिच्या मांडीवर बाजाराची थैली होती. गावाबाहेरच्या चढावर गाडीने असा आवाज काढला की मागचे हसायला लागले. एकाने विचारलं, खाली गिरणी बसवली का? दोघं गाडी थांबवून उतरले आणि माझ्या डोळ्यांदेखत मागून आलेल्या जीपमध्ये चढले. त्या ड्रायव्हरने जाताना मुद्दाम हॉर्न वाजवला.

मी गाडी उलटी फिरवली. सवाऱ्या ओरडत होत्या, घरी जायला उशीर होतो म्हणत होत्या. मी कोणाचंही ऐकलं नाही. गॅरेजसमोर ब्रेक मारला आणि उडी टाकून उतरलो.

मिस्त्री हात पुसत बाहेर येत होता. भरलेली जीप पाहून त्याला बरं वाटलं असावं. “आता कशी आन...” एवढंच तो बोलला. मी सगळी ताकद लावून त्याच्या कानाखाली मारली. माझा उजवा हात, समोर उभा माणूस, म्हणजे फटका डाव्या कानावर. तो ऑइलच्या ड्रमवर आदळून खाली पडला. मी वरून आणखी एक लाथ घातली. सवाऱ्यांनी मला धरलं नसतं तर दुसरीही घातली असती.

तो उठला. जीपमध्ये शिरून मधल्या सीटच्या खाली, याडीच्या पायांशी बसला, तळवा पत्र्यावर ठेवला आणि मला हाताने ‘चल’ अशी खूण केली. मी शिव्या देत चढावर गेलो आणि मुद्दाम जोरात रेस दिली. कट-कट सुरू झाली. मिस्त्रीने पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि परत फिरायला सांगितलं.

गॅरेजवर त्याने सगळ्यांना उतरवलं, माझा शर्ट धरला आणि मला फरफटत गाडीखाली नेलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब शाफ्ट असतो. तो ज्या जोडावर फिरतो त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. मिस्त्रीने शाफ्ट हाताने हलवला तर क्रॉस खुळखुळला. एका बाजूच्या टोपीतून लाल गंजाचं पीठ गळत होतं. आतल्या बेअरिंगच्या सुया केव्हाच्या चुरून गेल्या होत्या.

“तुटला असता त शाफ्ट पत्रा फाडून वर आला असता,” तो म्हणाला. “बुढीचे पाय गेले असते.”

मी त्याच्या डाव्या बाजूलाच पडलो होतो. विचारलं, मिस्त्री, फार लागलं का? तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला. कानातून निघालेली रक्ताची बारीक धार कॉलरपर्यंत गेली होती. आवाज त्याने ऐकलाच नव्हता. क्रॉस त्याने तळहाताने शोधला होता.

त्याच दुपारी त्याने नवा क्रॉस बसवला. मग त्याच जीपमध्ये मी त्याला यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी चढावर गपगार चालत होती. मला तो आवाज परत यायला हवा होता. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे, तो कदाचित भरेल. पण आतली नस दुखावली आहे, ऐकू येणं परत येईल असं धरून चालू नका.

ते परत आलं नाही. महिनाभर मी त्या बाजूला फिरकलो नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. मग एकदा गेलो. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता आणि एका टेम्पोच्या चाकाचे नट आवळत होता. त्याची बायको डबा घेऊन आली होती. मी म्हणालो, “वहिनी, मले माफ करा.”

तिने डबा खाली ठेवला आणि माझ्या थोबाडीत मारली. चहाच्या टपरीवरची माणसं वळून पाहायला लागली. मी गाल चोळला नाही.

“मले कायले म्हनतोस,” ती म्हणाली. “त्याले म्हन.”

मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि माफी मागितली. मग मोठ्याने मागितली. मग घसा फाटेस्तोवर ओरडलो. आख्ख्या ओळीतल्या दुकानांना ऐकू गेलं. मिस्त्रीने एक नट आवळला, दुसऱ्याला पाना लावला. खांद्याला हात लावला असता तर त्याने वळून पाहिलं असतं. पण त्याच्यावर हात उचलायची माझी हिंमत झाली नाही.