लाल अक्षरांतली श्रद्धांजली

ग्रंथालयातले मामा गेले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो आणि तास संपले की कॉलेजच्या संगणक कक्षात काम करायचो. कपाटांतून पुस्तकं काढून देणाऱ्या त्या शिपायाला सगळे मामाच म्हणायचे. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. कुठलं पुस्तक मागावं तेही मला कळायचं नाही. मामा माझ्यासाठी न मागता बाजूला काढून ठेवायचे.

शिपायाची श्रद्धांजली वेबसाइटवर कशाला, असं ऑफिसात एकदोघं म्हणाले. संगणकाच्या सरांनी ते मनावर घेतलं नाही. मजकूर मीच लिहावा, असं त्यांनी सांगितलं. मामांचा मुलगा दुपारी त्यांच्या गावाहून, युसूफ वडगावहून, केजला येणार होता आणि नेटकॅफेत ते पान बघणार होता.

मराठीसाठी माझी एक ठरलेली फाइल होती. दर वेळी मराठी अक्षरं जुळवत बसण्यापेक्षा तीच उघडायची, जुने शब्द पुसायचे, नवे लिहायचे. मुळात ती माझ्या बहिणीची लग्नपत्रिका होती. तिच्यातच मी मामांबद्दल सात ओळी लिहिल्या, रंग काळा केला आणि सगळं उचलून वेबसाइटच्या लिहायच्या चौकटीत चिकटवलं. जतन करून पान उघडलं तर अक्षरं कुंकवासारखी लाल, मागं हळदी रंगाची पट्टी. खाली मामांचं नाव, त्याआधी कैलासवासी.

चौकटीत सगळा मजकूर निवडून पुन्हा काळा रंग दिला. पहिली ओळ काळी झाली, बाकीच्या तशाच. पट्टी जाईना. पहिली ओळ पुसून नव्यानं लिहिली, तर तीही लालच उमटली. शब्द माझे होते, पण त्यांच्या खाली पत्रिका तशीच बसलेली होती. पान निदान काढून तरी टाकावं म्हणून हात नेला आणि लाइट गेली. आमच्याकडे ती गेली की तास-दोन तास यायची नाही. बॅटरी केव्हाचीच बिघडलेली. इथला पडदा काळा झाला, पण बाहेर, जिथं लाइट असेल किंवा नेटकॅफेसारखा जनरेटर असेल तिथं, ते पान लालच दिसत असणार.

सरांना सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. बसून राहिलो. मागं एकदा मी एका पुस्तकाला जुन्या कव्हरावरूनच नवा कागद चढवत होतो. मामांनी ते हातातून काढून घेतलं होतं. "आदी जुनं काढ की बाबा. वरून चढवलं तर पुस्तक मिटत न्हाई."

लाइट आली तेव्हा तीन वाजून गेले होते. मी मजकूर नोटपॅडमध्ये टाकला. तिथं रंग नाही, पट्टी नाही, नुसती अक्षरं. चौकट पूर्ण रिकामी केली आणि ती अक्षरं तिथून उचलून आणली. सात ओळी काळ्या, डाव्या कडेला लागून. सरांनी पाहिलं आणि बरं झालं म्हणाले. मधल्या दोन तासांचं मी त्यांना सांगितलं नाही.

तेराव्याला मी युसूफ वडगावला गेलो. मुलानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. नेटकॅफेतल्या प्रिंटरवर काढलेली माझी श्रद्धांजली. अक्षरं काळी होती. मला क्षणभर हायसं वाटलं. मग दिसलं, ओळी कागदाच्या मधोमध होत्या, पत्रिकेसारख्या. पट्टीच्या जागी फिकट करडी छाया. प्रिंटरमध्ये शाईच तेवढी काळी होती.

त्याच्या आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. लई चांगलं लिवलंस, म्हणाली.

ती आत गेल्यावर मुलगा हळूच बोलला. "आईला कागदच दावला. कॉम्प्युटरवर कसं होतं ते सांगितलं न्हाई."

त्यानं कागदाची घडी घातली. पान नंतर नीट केलंय, हे सांगायचं माझ्या ओठांवर होतं. पण त्यानं पुढं केलेली पत्रावळ मी घेतली आणि पंगतीत जाऊन बसलो.