ओल्या हातांचा जबाब

मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी कामाला लागले तेव्हा इलेक्ट्रिकच्या मेंटेनन्सला आम्ही दोघंच होतो. मी आयटीआय झालेली आणि काका, ज्यांच्याकडे कसलंच सर्टिफिकेट नव्हतं. ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांनीच शब्द टाकून मला तिथे लावलेलं.

व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट, हे मला पाठ होतं. गणितं सुटायची, एवढंच. पहिल्याच आठवड्यात काकांनी मीटरच्या दोन्ही टोकांना माझी बोटं धरायला लावली. आकडा लाखांत गेला. मग म्हणाले, "आता बोटं बादलीत बुडव आणि परत धर." आकडा धाडकन खाली आला.

"बघितलंस? लाइनीत व्होल्ट तेवढेच असतात गं. आपली आडकाठी कमी झाली की करंट वाढतो. कोरड्या माणसाला झिणझिण्या, ओल्याचा खेळ खलास."

उन्हाळ्यात कारखान्यातला धुण्याचा पंप एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. हलवताना त्याची अर्थिंगची पट्टी कापली ती कापलेलीच राहिली. काकांनी सुपरवायझरला माझ्यादेखत दोनदा सांगितलं. "शटडाउनला करू," तो दोन्ही वेळा म्हणाला. पट्टी होती पाच-सहा हात लांब. आम्ही दोघांनी अर्ध्या तासात जोडली असती, पण चालू पंप बंद करायची परवानगी आम्हाला नव्हती.

मे महिन्यातली दुपार होती. पंप गरम होतोय म्हणून आम्हाला बोलावलं. जमिनीवर पाणी, काकांचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. किती तापलाय ते बघायला त्यांनी मोटारीवर तळहात ठेवला. आतली वायंडिंग कधीतरी जळून बॉडीला लागली होती. आवाज काहीच झाला नाही. त्यांचा हात सुटेना, एवढंच मला दिसलं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा ते खाली कोसळले. डोंबिवलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं आणि नकारार्थी मान हलवली.

आठवड्याने चौकशी झाली. केबिनमध्ये मॅनेजर, सुपरवायझर आणि बाहेरून आलेले एक साहेब होते. साहेब माझ्याशी फार आदराने बोलले. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. त्यांचे हात ओले होते?"

"हो."

"कोरडे असते तर एवढा करंट गेला असता?"

मला वाटलं, हे समजून घ्यायला विचारतायत. मी कागद ओढला आणि मांडून दाखवलं. दोनशे तीस भागिले हजार, ओल्या अंगाचे. मग दोनशे तीस भागिले लाख, कोरड्याचे. "नाही, सर. कोरडे असते तर बहुतेक वाचले असते." मग लगेच मीच पुढे म्हणाले, "पण अर्थिंग असतं तर करंट तांब्याच्या पट्टीतून जमिनीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता. काकांनी दोनदा सांगितलेलं."

"ते आम्ही वेगळं बघतोय," मॅनेजर म्हणाले.

टाइप होऊन आलेल्या जबाबात ओले हात होते, माझा भागाकार होता, मयताचा निष्काळजीपणा होता. अर्थिंग हा शब्द कुठेच नव्हता. मी विचारलं, तर सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुम्ही जे बोललात तेच आहे. खोटं काही आहे का यात?"

खोटं काहीच नव्हतं. मी सही केली. घरात कमावणारी मी एकटीच होते, हे कारण मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला देत राहिले.

तो कागद काकूंपर्यंत पोचला. एका सकाळी सामायिक नळावर त्यांनी मला गाठलं. आवाज चढवला नाही.

"तू लिहून दिलंस, त्यांची चूक होती म्हणून?"

"काकू, मी फक्त हात ओले होते एवढंच..."

"मे महिन्यात कोणाचे हात कोरडे असतात गं?"

त्यांनी हंडा उचलला आणि त्या आत गेल्या.

मी सही केली त्याच आठवड्यात पंपाची पट्टी जोडली गेली. जोडायला मलाच पाठवलं. वर्षभराने मी तो कारखाना सोडला. आता ठाण्यात लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. चाळ मात्र सुटलेली नाही. काकू अजून शेजारीच राहतात. माझ्या आईशी बोलतात, सणाला तिच्या हातात खिरीची वाटी देतात. मी दारात असले तर आई येईपर्यंत बाहेर थांबतात.