गुनवोरचा गुरुवार

स्वीडनमधल्या नॉर्शॉपिंग शहरातल्या आमच्या इमारतीत छत्तीस घरं आणि तळघरात धुण्याची एकच खोली. गुरुवारी सकाळी दहा ते एक ही खोली एकतीस वर्षं गुनवोरची होती. नवरा वारला त्या आठवड्यातही तिने पाळी सोडली नाही. चादरी जास्त होत्या, असं तिचं म्हणणं.

गुनवोर ब्याऐंशी वर्षांची, पण आमच्याकडे सगळ्यांशीच अगंतुगं. चाळिशीत तिची दृष्टी गेली, त्यानंतर निवृत्तीपर्यंत तिने एका इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. पाळी लावायला दाराशी एक लाकडी फळी होती. महिन्याच्या प्रत्येक दिवसाची भोकं, आणि प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. ती बोटांनी भोकं मोजून कुलूप लावायची आणि आमच्याआधी वर जायची.

ती फळी मी काढली. मी एस्किल, दुसऱ्या मजल्यावरचा. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. सोसायटीसाठी मी फुकटात एक पान बनवलं: वर तारखा, बाजूला वेळा, मोकळ्या चौकटीवर टिचकी मारली की पाळी तुमची. धर्माच्या गाईचे दात कुणी मोजले नाहीत. तपासणीच्या यादीत ‘माउसशिवायही चालतं’ यापुढे मी बरोबरची खूण केली होती. कीबोर्डवरचा टॅब दाबला की पुढची चौकट येत होती. मी तीन चौकटी तपासल्या होत्या.

गुनवोरचा संगणक तिला पडदा वाचून दाखवतो. माझ्या तक्त्यावर तो म्हणायचा, “मोकळं. मोकळं. मोकळं.” कुठला दिवस, किती वाजता, काही नाही. मग ती फळीच्या हिशेबाने टॅब मोजायची: पहिली ओळ एकतीस, त्यापुढे दहाच्या ओळीत तारीख. पण भरलेल्या चौकटींवर टॅब थांबू नये अशी हुशारी मी केली होती. चौघांनी आधी पाळ्या लावल्या की तिची मोजणी चार दिवस पुढे जायची. गुरुवार म्हणून ती सोमवार घेऊन बसायची. टोपली घेऊन खाली गेली की मशीनमध्ये शेजारच्या हॉलग्रेनांचे मोजे. असं दोनदा झालं.

आमच्याकडे तोंडावर कुणी भांडत नाही. धुण्याच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लागते, बिननावाची. यावेळची होती: ‘ज्यांना वार कळत नाहीत त्यांनी डॉक्टरांना भेटावं.’ खाली हसरा चेहरा.

ती चिठ्ठी गुनवोरच्या मुलीने, उल्रिकाने, वाचली आणि पुढच्या खेपेला ती वृद्धाश्रमाचा अर्ज घेऊन आली.

“आई, वार विसरायला लागलीस तू.”

“मी नाही विसरत. तो तक्ता सांगत नाही.”

“पस्तीस घरांना बरा सांगतो! महिनाअखेरीस सही कर, बाई. माझ्या जिवाला घोर नको.”

त्याच आठवड्यात दारावर एक कोरा पांढरा कागद लागला. दहा दिवस त्याच्यासमोरून सगळे खाली मान घालून गेले. कुणीतरी इतकं चिडलंय की शब्दच सुचले नाहीत, असा सर्वांचा समज. शेवटी मी तो काढला. कागद जाड, चांगला. टाकवेना. मी त्यावर लिहिलं, ‘ड्रायरची जाळी साफ करा’, आणि परत चिकटवला. पेन जरा अडखळत होतं.

दुसऱ्या दिवशी गुनवोर तो कागद घेऊन माझ्या दारात.

“हॉलग्रेन म्हणाले, अक्षर तुझं आहे. माझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंस?”

“तुझी चिठ्ठी? हा तर कोरा होता.”

“कोरा? दहा दिवस तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता की!” तिने कागदावरच्या उठावदार ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचलं. “‘ज्याने तक्ता बनवला त्याने डोळे मिटून माझा गुरुवार लावून दाखवावा. गुनवोर, पहिला मजला.’”

खाली नाव घातलं होतं तिने. आमच्या दारावर असं कधी घडलं नव्हतं.

मी तिच्या स्वयंपाकघरात बसलो, डोळे मिटले आणि एकवीस तारखेच्या गुरुवारासाठी बावन्न टॅब मोजले. मला रविवार मिळाला.

“डॉक्टरांचा नंबर देऊ?” गुनवोर म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस बसून तक्ता नीट केला. आता एका टॅबने आत, आजच्या तारखेवर. मग बाणांनी चारही बाजूंना फिरायचं, आणि प्रत्येक चौकटीवर वार, तारीख, वेळ ऐकू येते, मोकळं असो वा भरलेलं. एंटर मारला की पाळी तुमची. आणखी एक टॅब की बाहेर. गुनवोरने चार बाणांत गुरुवार गाठला.

“म्हणजे फळीच की,” ती म्हणाली.

मग मी दारावर चिठ्ठी लावली: ‘चूक माझ्या तक्त्यात होती, गुनवोरच्या डोक्यात नाही. एस्किल, दुसरा मजला.’ उल्रिका आली तेव्हा तिथे बराच वेळ उभी होती. पुढचं मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

महिनाअखेरीस दारावर पुन्हा ठिपक्यांचा कागद दिसला. एव्हाना मी ब्रेल अक्षरं शिकायला लागलो होतो. पंधरा मिनिटं बोट फिरवलं तेव्हा कुठे वाचता आलं: ‘एस्किल, ड्रायरची जाळी साफ कर. गुनवोर, पहिला मजला.’

कागद उलटून पाहिला. वृद्धाश्रमाचा अर्ज होता. सहीची जागा कोरी.

मी हात लावून पाहिला. खरंच कोरी होती.