माझी काही तक्रार नाही

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तसे बाबा डब्याबरोबर चालत म्हणाले, "तिकडे कुठल्या घोळक्यात शिरू नकोस. ज्याचा आवाज मोठा, त्याचं नाव आधी लिहितात." तरुणपणी गिरणीच्या मोर्चात घोषणा दिल्या म्हणून त्यांची नोकरी गेली होती. तेव्हापासून त्यांना लग्नाच्या वरातीचाही संशय यायचा.

२००३ साली मी सिएटलजवळच्या बॉथेलला आले ती नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. नितीन सॉफ्टवेअरमध्ये. मी सोलापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. इथे मला काम करायची परवानगीच नव्हती. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे दिवसही असे, की आपली बॅग जरा मोठी दिसली तरी लोक दोनदा बघत. मीही त्यांच्याकडे दोनदा बघायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी "सेटल झालात का?" विचारलं तरी वाटायचं, हिला कशाला हव्यात नसत्या चौकशा?

लायब्ररीत एका हौशी ऑपेरा मंडळाची चिठ्ठी दिसली: कोरससाठी माणसं हवीत, मानधन नाही. ऑपेरा म्हणजे यांचं संगीत नाटक. घरात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून गेले, तर ते निघालं एकोणिसाव्या शतकात लिहिलेलं, मासे धरणाऱ्या कोळ्यांच्या बंडाचं! आमची दिग्दर्शिका कॅरल सांगायची, पूर्वी ऑपेरात रयत राजामागे नुसती उभी असायची. त्या शतकात ती पुढे येऊन गायला लागली. सेन्सॉर म्हणे इतके संशयी, की बंड दाखवायचं तर परमुलखातलं, जुन्या काळातलं दाखवावं लागे. आणि शेवटच्या अंकात ही रयत आपल्याच पुढाऱ्यावर संशय घेते, त्यात त्याचा जीव जातो. मला ही माणसं फार ओळखीची वाटली.

आईला फोनवर हे सांगत होते, तर नितीनने रिसीव्हरच काढून घेतला. "फोनवर बंड-बिंड काय बोलतेस यार? ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे!" पुढच्या तालमीपासून मी मागच्या रांगेत, उंच माणसांआड नुसते ओठ हलवू लागले. शेजारी उभा राहणारा, पिकल्या केसांचा रॉन विचारायचा, नवरा कुठे काम करतो, किती वर्षं राहणार? हा नक्की कुणाला तरी कळवतो, अशी माझी खात्रीच झाली.

मग एकदा कॅरलने एकेकाला पुढे बोलावलं. "तू कोण, आणि तुला राग कशाचा?" भूमिकेत शिरून उत्तर द्यायचा नाटकवाल्यांचा नेहमीचा सराव तो, मला ती सरकारी चौकशी वाटली. कुणी म्हणालं, फळांवरचा कर. कुणी म्हणालं, माझ्या भावाला मारलं. माझी पाळी आली तेव्हा व्हिसाच्या मुलाखतीत उभं राहावं तशी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "आय हॅव नो कम्प्लेंट्स. एव्हरीवन इज व्हेरी नाइस."

सगळे पोट धरून हसले. रॉन तेवढा हसला नाही. "मीही खरं नाही सांगितलं," तो हळूच म्हणाला. माणसाला बोलतं करायची ही जुनी युक्ती, म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

कॅरल मात्र सोडेना. "तुझ्या भाषेत सांग. इथे कुणाला कळणार आहे?"

"मला शिकवायचंय!" मी ओरडले. "रिकामी बसून मरतेय मी इथे. आणि हे बोलायचीसुद्धा चोरी!" वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो, पियानोवाला वाजवायचा थांबला. मला लाज वाटली, आणि फार बरं वाटलं. कॅरलने मला पहिल्या रांगेत आणलं.

घरी हे सांगितलं तर नितीन भडकला. "आपलं कार्ड अडकलं म्हणजे?"

"कार्डाची काळजी आहे तुला. माझं आयुष्य अडकलंय त्याचं काय?"

आवाज चढले तसा तो सवयीने खिडकी लावायला उठला. शेजारी पोलिसांना बोलावतील ही आमची कायमची धास्ती, त्यामुळे तोवर आम्ही घर बंद करूनच भांडायचो.

"राहू दे उघडी," मी म्हटलं.

तो थांबला. मग आम्ही सोलापुरात भांडतात तसे भांडलो, भांडी आपटत, मागचं सगळं उकरून काढत. पोलीस आले नाहीत.

आता कार्ड आलंय, मी कॉलेजात शिकवते. तिकडे राहिलेले विचारतात, इकडे आलेलेही विचारतात, की इथलं घर आपलं कधी वाटायला लागलं? मला पक्कं माहीत आहे. खिडकी उघडी टाकून भांडलो, त्या संध्याकाळी.