डबा वाजला की वर येणारे

मत्स्यबीज केंद्रात तिला सगळेच आत्या म्हणत. साहेबसुद्धा. सव्वीस वर्षं ती एकच तळं सांभाळत होती. पुढच्या पिल्लांचे आईबाप होणारे मासे या तळ्यात असत, आणि ते निवडायचं काम आत्याचं. तिची रीत सोपी. पायरीवर बसायचं, खाद्याचा पत्र्याचा डबा तीनदा वाजवायचा, आणि जे सगळ्यांत आधी हाताशी येतील त्यांना जाळीनं अलगद उचलायचं. तळाशी दडून बसणारे तिच्या लेखी घुमे, आतल्या गाठीचे. त्यांची रवानगी बाजारात.

तळं असं माणसाळलं होतं की विचारू नका. डबा राहिला बाजूला, कुणाची नुसती सावली पडली तरी शंभर तोंडं आ वासून वर. पंपवाला म्हणायचा, आत्याच्या तळ्यात पाय धुवायची सोय नाही, अंगठा चोखून काढतात. काठावरचा बगळा तर इतका सुस्तावला होता की दबा धरायचेही कष्ट घेत नसे. तो डुलत डुलत यायचा, मासे त्याच्या स्वागताला जायचे. आत्या दगड भिरकावायची आणि शिव्या बगळ्याला घालायची.

यंदा तिचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. बाप ज्या नदीत जाळं टाकायचा ती आता ओस पडली होती. तिच्यात आपल्या तळ्यातली पिल्लं सोडायची आणि मगच घरी बसायचं, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं. साहेबांनी मान डोलावली होती. आडवी आली ती सख्खी भाची. शिकूनसवरून याच केंद्रात तपासणीच्या कामावर लागलेली. तिनं आत्याच्या माशांच्या परांचे टिकलीएवढे तुकडे तपासायला पाठवले होते. त्याचा कागद घेऊन ती चहाच्या वेळी पायरीवर येऊन बसली.

"आत्या, पोरींची लग्नं जमवताना तू नातं कुठपर्यंत चाळतेस?"

"पार पणजोबापर्यंत."

"मग तळ्यात सख्ख्या भावाबहिणींची लावताना काय झालं होतं गं?"

पंपवाल्याला चहाचा ठसका लागला.

भाचीनं मग नीट उलगडून सांगितलं. दरवर्षी धीट तेवढेच निवडले, मग त्यांच्या पोरांतले धीट, मग त्यांच्या. तळ्यात आता एकाच घरची माणसं, आणि भीती रक्तातूनच गळालेली. नदीत ही पिल्लं आठवडा काढणार नाहीत. आत्याला ते चांगलंच झोंबलं. रक्ताचा काय संबंध, मी घास भरवते, लळा लागतो, असं तिचं म्हणणं.

मग पैज लागली. काचेच्या दोन टाक्या. एकीत आत्याच्या माशांची पिल्लं, दुसरीत नदीच्या वरच्या अंगाला अजून तग धरून असलेल्या माशांची. दोन्ही अंड्यांपासून तिथंच वाढलेली. डबा नाही, माणूस नाही, खाद्य नळीतून. सहाव्या आठवड्यात भाचीनं पुठ्ठ्याचा बगळा कापला आणि काठीला बांधून दोन्ही टाक्यांवरून फिरवला. नदीकडची पिल्लं क्षणात वाळूला चिकटली. आत्याची वर आली आणि पुठ्ठ्याला लुचू लागली.

डब्याचा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

आत्यानं काठी हातात घेऊन पुठ्ठा स्वतः एकदा फिरवून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मी लळा लावलाच नाही. मी नुसते भित्रे वेचून विकले."

विणीचे थोडेच दिवस उरले होते. दुसऱ्या सकाळी ती डबा न घेता तळ्यात उतरली. पंपवाल्यानं पाणी गुडघ्यापर्यंत उतरवलं. इतकी वर्षं जाळ्याला चकवत गाळात टिकलेले घुमे शोधायचे होते. ते काही हाती लागेनात. आत्या दोनदा चिखलात बसली, एकदा तर पुरती आडवी झाली. पहिल्या दिवशी ती त्यांच्यावर करवादली, तिसऱ्या दिवशी कौतुकानं हसायला लागली. चौदा सापडले. प्रत्येकाची जोडी तिनं नदीकडच्या माशाशी लावली, भाचीच्या कागदाशी ताडून, पणजोबापर्यंत चाळून.

त्यांची पिल्लं बोटभर झाली तेव्हा पुठ्ठ्याचा बगळा पुन्हा निघाला. आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले. पंपवाल्यानं सांगितलं, दोन-चार घुटमळली, मग तीही पळाली. साहेबांनी त्याच दिवशी नदीत सोडायच्या परवानगीवर सही केली.

पिल्लं नदीत सोडली त्या सकाळी आत्यानं पिशवीतून डबा काढला. राहवेना तिला. तीनदा वाजवला. पाण्यावर साधा तरंग उठला नाही.

"आत्या, एकानंही ओळख दिली नाही," पंपवाला म्हणाला.

"तू गप बस," आत्या म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "तू बगळा असतास तर आज उपाशी घरी गेला असतास."