लाल म्हणजे कोणता लाल?

“मास्तर, लाल म्हंजे कोनता लाल?” हरबाजी माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. १९७४ साली मी साकोलीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो, त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पहिल्याच सकाळी कुंपणावरून डोकावून म्हणालो, “वा, काय छान लाल मासे आहेत हो!” त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. “तो शेंदरी होय. हा विटकरी. कोपऱ्यातला मिरचीचा लाल, अन् ह्या टाक्यातला पळसाचा. पोराईले रंग तुमीच शिकवता न?” शाळेत पोरं मला घाबरत, इथं तोंड उघडायच्या आत माझी शोभा झाली.

हरबाजींनी तरुणपणी कलकत्त्याला कुणा व्यापाऱ्याकडे नोकरी केली होती. येताना त्यांनी गोल्डफिशच्या दोन जोड्या पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि हावड्याच्या गाडीत तो डबा मांडीवर घेऊन आले. घरामागे त्यांनी सिमेंटची सहा टाकी बांधली. मासे नागपूरच्या काचपेट्यांच्या दुकानात जात. बायको वारली होती, घरात एकुलती एक मुलगी मंदा. भातशेतीच्या मुलखात हा कसला धंदा म्हणून लोक हसत, पण त्यांच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती.

या माशांची पिल्लं मुळात लाल नसतातच. दोन-तीन महिने ती मळकट काळी असतात, मग रंग फुटतो. फुटल्यावर कोणीही सांगेल. हरबाजी आधी सांगत. पिल्लू ओल्या तळहातावर घ्यायचं, उन्हाकडे तिरपं धरायचं, कल्ल्याची कड बघायची आणि म्हणायचं, “विटकरी.” महिन्याभरानं ते विटकरीच होई. काही मासे पुढे पांढरे पडतात, त्यांचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. पराच्या मुळाशी जरा फिकट दिसलं की ते पिल्लू परसातल्या बदकांपुढे टाकत. “पांढरं बाहीरून येत नाई मास्तर, आतून निंगते. आज पराले, उद्या पाठीले.”

“विहिरीत तरी सोडा,” मी एकदा म्हणालो.

“अन् मंग लोक म्हनतीन, हा हरबाजीच्या घरचा मासा होय. जमते काय?”

मी हट्टानं त्यांनी टाकायला काढलेली वीसेक पिल्लं घरी आणून मोठ्या बरणीत वाढवली. तीन सोडून सगळी पांढरी पडली. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “ते तीन बी पडतीन.” पडली.

त्यांची नजर माणसांवरही तशीच फिरे. आमची मुलगी आठ दिवसांची होती. हरबाजी दारात उभे राहूनच म्हणाले, “पोरगी हरदीची दिसून राहिली. आज भंडाऱ्याले न्या, उद्या नोको.” सुईण हसली, माझी आई चिडली. मी नेली. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं. तेव्हापासून आमच्या आळीत हरबाजींच्या नजरेला कुणी आव्हान दिलं नाही. माझी मुलगी त्या नजरेमुळे जगली, हे मी कधी विसरू शकलो नाही, आणि पुढच्या सगळ्याचं मूळही तेच.

१९७६ साली मंदा बावीस वर्षांची, गव्हाळ, नाकीडोळी नीटस. पहाटे उठून टाक्यांचं पाणी बदलायचं, डासांच्या अळ्या गाळून माशांना घालायच्या, बापाची बोलणी खायची, हा तिचा दिवस. तिच्यासाठी स्थळ मीच आणलं. सिहोऱ्याचं घर, भाताची शेती, मुलगा ग्रामसेवक. पाहुणे बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मंदा माझ्या बायकोपाशी येऊन बसली. मुलाला तिनं बसस्टँडवर लांबून पाहिलं होतं. बराच वेळ पदराशी चाळा करून तिनं एकच विचारलं, “काकू, त्याईच्या घरी टाके नाई न?” माझी बायको हसत सुटली आणि मंदाही हसली. तिला मी इतकं मोकळं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मावशीनं मंदाला शेजारी बसवून घेतलं, वडील साखरपुड्याचा महिना बोलू लागले. एवढ्यात हरबाजी उठले. त्यांनी मंदाची हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीकडे वळवला, अगदी तिरपा, उन्हात.

“थांबा. इथं डोऱ्याखाली पाह्यलं काय? फिक्कं हाये. कोड होय हे. दोन सालात गालभर पसरंल. मी माल लपवून देत नाई.”

कुणालाच काही दिसलं नव्हतं. आता सगळे वाकून पाहू लागले. मीही वाकलो, आणि मलासुद्धा तो डाग दिसला. रंग शिकवण्यावर पोट असलेला माणूस मी, पण हरबाजींनी सांगितलं म्हणून मला दिसला. मावशी हळूच सरकून बसली. मंदा हातात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन, हनुवटी बापाच्या हातात तशीच ठेवून उभी होती. पाहुणे चारच्या गाडीनं परत गेले.

पुढच्या आठवड्यात माझी बायको मंदाला भंडाऱ्याला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कोड नाही, कोरडेपणाचा चट्टा आहे, जाईल. मलम दिलं. दिवाळीपर्यंत तो चट्टा शोधूनही सापडेना. मी सिहोऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की मुलाचं लग्न दुसरीकडे ठरलं. मग मी हरबाजींकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. “तुम्ही चुकलात, हरबाजी. चार लोकांत चुकलात, आता चार लोकांत सांगा.”

ते जाळी धूत होते. “दबून बसलं हाये. येईल.”

ते आलं नाही. पण पुढे जी स्थळं आली ती चौकशीतच परत गेली. आम्ही छातीठोक सांगायचो की काही नाही हो, डॉक्टरचा कागद आहे. लोक म्हणायचे, सख्ख्या बापानं सांगितलंय. आणि हा बाप कोण, तर ज्याची नजर चुकत नाही तो. आसगावच्या एका बिजवरानंसुद्धा नाही म्हटलं.

सगळ्यांत वाईट ते रोज सकाळी चाले. हरबाजी दारातल्या उन्हात बसत, मंदाला हाक मारत, तिची हनुवटी धरून चेहरा तिरपा करत आणि निरखत. बाप पोरीचं बरं व्हावं म्हणून बघत असेल असं नव्या माणसाला वाटलं असतं. आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. डाग यावा म्हणून ते वाट बघत होते. नाही दिसला की तोंड वाकडं करून म्हणत, “अजून नाई.” पोरीपेक्षा त्यांना आपली नजर प्यारी होती, आणि याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

मंदाही बदलली. बोलणं तुटक झालं. पिल्लं निवडायला ती बापापेक्षा हुशार झाली आणि बदकांपुढे टाकताना तिचा हात बापापेक्षा झपाट्यानं चाले. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, “मावशी, तुला दया नाही येत?” मंदा म्हणाली, “याईचं बरं हाये. एकाच दिवसात सुटतात.”

१९८८ च्या उन्हाळ्यात हरबाजींना धाप लागू लागली. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. डोळे मात्र शेवटपर्यंत लख्ख होते. एका सकाळी मंदानं आम्हा नवराबायकोला बोलावलं. गेलो तर आळीतली आणखी चार-पाच माणसं आधीच बसलेली. हरबाजींची खाट दाराशी उन्हात ओढलेली होती. मंदा आतून आली आणि बापाजवळ खाली बसली. तिच्या डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता.

बायकांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. हरबाजींचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगू. त्यांनी तिची हनुवटी धरली, चेहरा उन्हाकडे तिरपा केला. बराच वेळ बघितलं. मग अंगठा त्या डागावरून फिरवला, नाकाशी नेला आणि हात खाली टाकला.

“चुना होय,” ते म्हणाले. “डाग नाई.”

“काय म्हनलं? जोरानं म्हना,” मंदा म्हणाली.

त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. बिचाऱ्यांना धाप लागली होती, पण मंदा हलली नाही, पाणीही दिलं नाही.

“डाग नाई.”

“मीनंच लावला चुना. बारा सालात एकदा तुमच्या तोंडून आयकाचं होतं.” मग ती माझ्याकडे वळली. “मास्तरकाका, आयकलं न?”

“ऐकलं,” मी म्हणालो.

तिनं पदरानं गाल पुसला, बापाला पाणी पाजलं आणि टाक्यांकडे गेली. तिला चौतीस पुरी झाली होती.