प्रभूचं मडकं

बजाबाईंच्या चुलीशेजारी ज्वारीचं एक मडकं होतं, आणि त्या वर्षी त्या ज्वारीत ढेकूण मारायची पावडर मिसळलेली होती. हे एकट्या बजाबाईंना ठाऊक होतं. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्या मधे नुसता पत्रा. त्यांच्याकडं कुणाला ठसका लागला तर माझ्या तोंडून 'वर बघ' निघायचं. तरी मला हे कळलं नाही, आणि मी काही कानात बोळे घालून राहणारी बाई नाही.

मडकं म्हणजे प्रभूचं मडकं. आमच्या मंडळीत रीतच आहे. दळायला धान्य काढलं की पहिली मूठ देवाची, ती मडक्यात टाकायची, मग घरचं मोजायचं. कापणीच्या सणाला सगळ्या बाया आपापली मडकी चर्चमध्ये नेतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि धान्य गरिबांना जातं. मडक्याला मधे हात लावायचा नाही. का, तर बायबलातले हनन्या आणि सप्पीरा. जमीन विकून थोडे पैसे मागं ठेवले, सगळे दिले म्हणून मंडळीत खोटं बोलले, आणि नवरा-बायको दोघं उभ्या जागी मरून पडली. ही गोष्ट बजाबाई लहान पोरांना अशी सांगायच्या की पोरं आठवडाभर आईचा पदर सोडायची नाहीत.

बजाबाई चर्चची घंटा वाजवायच्या. नवरा वाजवायचा, तो गेल्यावर दोर ह्यांनी धरला. काटक बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. कुणाचा घास फुकट घेतला नाही. मी कधी वाटीभर कालवण नेलं तर दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत यायची. मला त्याचा राग यायचा. देणाऱ्याचा हात ह्यांना चालायचा नाही, मग तो देवाचा का असेना.

आदल्या वर्षी सणात त्यांचं मडकं ओतलं तर धान्याबरोबर सोंडे, ते धान्यातले काळे किडे, चालायला लागले. रंभाबाई मोठ्यानं म्हणाली, "बजाबाई, यंदा प्रभूला मटणाची सागुती आणलीत व्हय?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. बजाबाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी गुपचूप ती पावडर आणली आणि मडक्यात मिसळली. सणाआधी धान्य पाखडून, सात पाण्यांनी धुऊन घेऊ, असा त्यांचा हिशेब. यंदा सोंडे कसे नाहीत असं बायांनी विचारलं तेव्हा मात्र म्हणाल्या, "म्या प्रार्थना करून झाकन ठेवते. सोंडा शिवत न्हाय." पाळकसाहेबांनी ते उपदेशात सांगितलं. झालं. आता ते तोंडातून मागं घ्यायची सोय राहिली नाही.

आणि त्यात दुष्काळ आला. बहात्तरचा पाऊस दडी मारून बसला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरात नळाला दोन घागरी आल्या तरी बाया देवाचे आभार मानायच्या. बजाबाईंचा लेक शांतवन होटगीला रेल्वेच्या गँगमध्ये होता, कधीतरी शनिवारी यायचा. घरी सासू आणि सून विजयमाला. मोहोळची पोर, हसरी, सातवा महिना लागलेला, आणि तशा पोटानं अक्कलकोट रोडला दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनची तांबडी ज्वारी मिळेल तेवढी. एका भाकरीचे तीन भाग व्हायचे, त्यातले दोन सुनेचे. खोटं कशाला बोलू, बजाबाई स्वतः तुकड्यावर होत्या. पण मडक्यात मूठ पडायचीच.

मी एकदा भांडले. "मावशी, देवाला यंदा भूक कमी आहे. त्या पोरीच्या पोटात घाला ती मूठ."

"देवाचं ते देवाला," त्या म्हणाल्या. "आज मूठ थांबवली तर उद्या तो हात थांबवंल. मग काय करशील, गोजर?"

"तो काय तुमच्यासारखा आहे?" मी म्हटलं. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मग एकदा नळावर विजयमालानं मला हळूच विचारलं, "मावशी, देवाचं खाल्लं तर काय होतं?"

"पोटात जातं," मी म्हटलं. मला वाटलं पोर गंमत करतेय. ती हसली नाही. घागर उचलताना तिचे हात थरथरत होते. मी म्हटलं भुकेनं असेल.

पुढचं नंतर समजलं. सासू घंटेला गेली की ती मडक्यातली ओंजळभर ज्वारी तव्यावर भाजायची आणि घाईघाईनं खायची. पांढरं पांढरं दिसायचं, पण धान्यात राख मिसळतातच की, आपल्याकडं कोण नाही मिसळत? धुवायला पाणी कुठलं. फुंकर मारायची आणि तोंडात टाकायची. पोटातलं पोर तेवढ्यापुरतं शांत व्हायचं.

रविवारी सकाळी मधल्या पत्र्यावर काहीतरी धडाधडा आपटलं. मी धावले. विजयमाला जमिनीवर पडली होती, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. पत्र्यावर तिचीच टाच आपटत होती. तिच्या पदरातून भाजलेली ज्वारी सांडली होती. पहिली घंटा देऊन आलेल्या बजाबाई दारात उभ्या, नजर त्या दाण्यांवर. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. मला वाटलं, सुनेसाठी.

"टांगा बोलवा," मी ओरडले.

"नेऊ नको, गोजर," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "देवाचं खाल्लंय तिनं. त्यानं हात टाकलाय. आपन मदी पडायचं न्हाय."

मी त्यांना काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. शेजारच्या गुरप्पानं टांगा आणला, दोघांनी तिला उचलून घातली. टांगा चौकात आला आणि चर्चची दुसरी घंटा वाजायला लागली. रोजच्या वेळेला, रोजच्या ठोक्यानं. सून मरायला टेकलेली आणि ही बाई घंटा वाजवत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणातले झटके असावेत. इंजेक्शन दिलं. झटके थांबेनात. "काही खाल्लंय का हिनं? विषारी, औषध वगैरे?" त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, ज्वारी खाल्ली असेल, दुसरं आहे काय घरात. त्या म्हणाल्या, "नेमकं कळलं नाही तर मी अंधारात चाचपडतेय. घरच्यांना बोलवा. मूल तर नाहीच, हीसुद्धा संध्याकाळ बघेल असं वाटत नाही."

मी तशीच चालत घरी आले. ऊन मी म्हणत होतं. बजाबाई मडक्यासमोर गुडघ्यांवर होत्या. चला म्हटलं तर मान हलवली. "त्याची विच्छा," म्हणाल्या.

माझं डोकं सणकलं. "अस्सं? देव ज्वारीच्या मुठीसाठी दोन जीव घेतो? मग मलाही घेऊ दे. बघू तरी, किती भुकेला आहे." मी मडक्यावरचं झाकण फेकलं, मूठ भरली आणि तोंडाकडं नेली.

बजाबाईंनी झडप घालून माझ्या हातावर असा फटका मारला की दाणे भिंतीपर्यंत उडाले.

"खाऊ नको. पावडर हाय त्यात. ढेकणाची. म्या घातली."

मग मला सगळं एकदम कळलं. दारात उभं राहून त्या सांडलेल्या दाण्यांकडं बघितलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण पावडर म्हटलं की हात त्यांचा, आणि देव म्हटलं की हात देवाचा. आणि पावडर म्हटलं की मंडळीसमोर ती प्रार्थनेची थाप उघडी पडणार. ते झाकायला ही बाई काही झालंच नाही अशी घंटा वाजवून आली होती.

त्यांनीच मडकं उचलून डोक्यावर घेतलं आणि अनवाणी निघाल्या.

उपासना सुटलेली. चर्चच्या फाटकात सगळी मंडळी उभी. रंभाबाईनं विचारलं, "बजाबाई, मडकं आज कुठं? सण लांब आहे अजून."

बजाबाई थांबल्या. मला वाटलं आता परत काहीतरी सांगतील. "ह्यात औषध हाय," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेनं सोंडा मेला न्हाय, औषधानं मेला. म्या खोटं बोलले. माझ्या सुनंनं ते खाल्लंय." एवढं बोलून चालायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी मडक्यात नाक घातलं मात्र, पळत आत गेल्या. नळी घालून पोट धुतलं, दुसरं औषध दिलं. बजाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. प्रार्थना करत नव्हत्या. मी म्हटलं करा, तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं?" मी कँटीनचा चहा आणून पुढं केला. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातचं घेतलं आणि परत द्यायची भाषा केली नाही.

उन्हं उतरता उतरता झटके थांबले. डॉक्टरीणबाईंनी पोटाला ऐकायची नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठोके आहेत. मंद आहेत, पण आहेत."

विजयमालानं डोळे उघडले. सासूला बघून आधी घाबरली. ओठ सुकलेले, शब्द कसेबसे आले. "आत्याबाई, मी देवाचं खाल्लं. म्हनून त्यानं मारलं मला."

"त्यानं न्हाय मारलं," बजाबाई म्हणाल्या. "विष म्या कालवलं. मंडळीत खोटंबी म्याच बोलले. तू न्हायस पोरी, सप्पीरा मी हाय."

विजयमालाला टोमणे मारता येत नव्हते, तिला खरंच प्रश्न पडला होता.

"मग तुमी अजून जित्त्या कशा?"

सुनेच्या पोटावर डोकं ठेवून बजाबाई रडायला लागल्या, आणि विजयमालानं सलाईन नसलेला हात हळूच उचलून त्यांच्या केसांवर ठेवला.